श्रमाच्या वेळी हृदयाचा जमाखर्च



संध्याकाळच्या वेळी रस्त्याने फिरावयास निघाले म्हणजे एक दृश्य पुष्कळदा दृष्टीस पडते. साठीच्या घरातले एक गृहस्थ चार स्नेह्यांबरोबर बोलत चाललेले असतात. रस्ता जरा चढाचा लागतो आणि हे गृहस्थ एकाएकी थांबून बाजूच्या दुकानातल्या पितळी भांड्यांकडे मोठ्या बारकाईने पाहू लागतात. भांडी घ्यावयाची नसतात. छातीवर कोणी दगड ठेवावा तसा भार आलेला असतो, आणि तो मित्रांच्या लक्षात येऊ नये एवढाच हेतू असतो. दोन-तीन मिनिटे जातात, भार उतरतो आणि गृहस्थ पुन्हा चालू लागतात. घरी कोणी विचारलेच तर म्हणतात, "काही नाही, जरा गॅस झाला होता."

या दोन-तीन मिनिटांत त्यांच्या छातीत काय घडले, याचा उलगडा करण्यासाठी आज आम्ही आपणापुढे उभे आहोत. विषय वैद्यकातला आहे. परंतु व्यापाऱ्याच्या चोपडीतला जमाखर्च ज्याला कळतो, त्याला तो कळण्यास अडचण पडू नये. आणि हे समजून घेण्यात नुसते कुतूहल नाही. ज्याला ते समजले तो भांड्यांच्या दुकानापुढे थांबून वेळ मारून नेणार नाही. तो डॉक्टरांकडे जाईल, आणि तेथून परत आल्यावर कदाचित पूर्वीपेक्षा अधिक चालू लागेल.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. हृदय हा मुठीएवढा स्नायू. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाचा दोनशेवा हिस्सा. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख ठोके होतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. दिवसाचा हिशेब ७,२०० लिटर. जिना चढू लागलो, ओझे उचलले, धावलो, की पायांचे स्नायू अधिक रक्त मागतात आणि हे ५ लिटर १५ ते २० लिटरपर्यंत जातात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, प्रत्येक आकुंचन अधिक जोराचे होते. या तिन्ही गोष्टींना हृदयाच्या स्नायूला अधिक प्राणवायू लागतो. हा झाला खर्च.

आता जमेची बाजू. हृदयाच्या कप्प्यांतून एवढे रक्त रात्रंदिवस वाहते, पण त्याच्या स्वतःच्या जाड स्नायूला त्याचा उपयोग नसतो. गावभर पाणी भरणारा पाणक्या आपल्या खांद्यावरच्या पखालीतून पीत नाही, त्याला घरी जाऊन माठातलेच पाणी प्यावे लागते, तसाच हा प्रकार. हृदयाला रक्त पुरविण्यासाठी महारोहिणीच्या अगदी मुळाशी दोन स्वतंत्र रोहिण्या फुटतात व त्यांच्या शाखा मुकुटासारख्या हृदयाच्या पृष्ठभागावर पसरतात. त्यांना आपण हृद्‌रोहिण्या म्हणू. मोठ्या शाखांची रुंदी तीन-चार मिलिमीटर. विश्रांतीच्या वेळी या वाटेने मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त जाते. वजनाने दोनशेवा हिस्सा असलेला अवयव एकूण रक्ताचा विसावा हिस्सा घेतो!

येथे दोन अडचणी आहेत, आणि साऱ्या रोगाची मेख त्यांतच आहे. पहिली अडचण अशी. शरीरातील इतर अवयव सरासरीने पाहता आपल्याकडे येणाऱ्या रक्तातील प्राणवायूचा चौथा हिस्साच काढून घेतात, बाकीचा परत जातो. गरज पडली की त्याच रक्तातून ते अधिक काढू शकतात. हृदयाचे तसे नाही. ते विश्रांतीतच येणाऱ्या रक्तातील सत्तर-पंचाहत्तर टक्के प्राणवायू वसूल करून बसलेले असते. पिळलेल्या लिंबातून आणखी किती रस निघणार? तेव्हा हृदयाला अधिक प्राणवायू हवा असेल तर मुख्य मार्ग एकच, अधिक रक्त आले पाहिजे. निरोगी माणसात ते येतेही. हृद्‌रोहिण्यांच्या बारीक शाखा रुंदावतात आणि प्रवाह चौपट-पाचपट होऊ शकतो. ही हृदयाची राखीव शक्ती.

दुसरी अडचण वेळेची. डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या भिंतीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून त्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः दोन आकुंचनांच्या मधल्या विश्रांतीत. नाडी मिनिटाला ७० असताना ही विश्रांती अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक असते. नाडी १४० झाली की सबंध ठोक्यालाच अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. आकुंचनाचा वेळ थोडाच घटतो, बहुतेक सारी कपात विश्रांतीच्या वाट्याला येते आणि ती एक-पंचमांश सेकंदाच्या आसपास उतरते. म्हणजे काम वाढले की भूक वाढते आणि जेवणाची सुट्टी मात्र कमी होते. त्यातही भिंतीचा आतला थर सर्वांत अधिक दाबला जातो, म्हणून उपासमार प्रथम त्याची होते.

आता कल्पना करा की या रोहिणीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे मेदाचा थर साचून वाट अरुंद झाली आहे. रुंदी निम्मी झाली तर वाटेचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते. तरीही विश्रांतीत काहीच जाणवत नाही, कारण पुढच्या बारीक शाखा आपणहून रुंद होऊन प्रवाह सांभाळून घेतात. १९७४ साली लान्स गूल्ड या अमेरिकन संशोधकाने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, रोहिणीची रुंदी साधारण निम्मी झाल्यावर तिचा कमाल प्रवाह घटू लागतो. विश्रांतीचा प्रवाह मात्र रुंदी ८५ टक्के घटेपर्यंत तसाच राहतो. याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. आजारी रोहिणी विश्रांतीच्या वेळीच आपली राखीव ठेव खर्चून बसलेली असते. वरकरणी दुकान व्यवस्थित चालू असते, गल्ल्यात रोजच्या खर्चापुरते पैसे असतात. पण लग्नकार्य निघाले की तिजोरी रिकामी असल्याचे उघड होते. श्रम हे हृदयाचे लग्नकार्य आहे. म्हणूनच खाटेवर निजवून काढलेला कार्डिओग्रॅम स्वच्छ निघाला, एवढ्यावर ज्याला चालताना छातीत भरून येते त्याने निर्धास्त होऊ नये.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टराने या दुखण्याचे वर्णन वाचून दाखविले. ते १७७२ मध्ये छापून निघाले. त्याने त्याला अँजायना पेक्टोरिस हे नाव दिले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबताच ती पीडा नाहीशी होते, हे त्याने अचूक टिपले होते. अशा शंभरएक रोग्यांचा अनुभव त्याने आयुष्यभरात गोळा केला. मात्र दोष कोठे आहे हे त्याला उमगले नाही.

ते उमगण्यास जॉन हंटर या विख्यात शल्यवैद्याचे दुखणे कारणीभूत झाले. हंटरला हीच व्यथा होती आणि ती रागाने उसळत असे. आपल्याला जो कोणी चिडवील त्याच्या हाती आपले प्राण आहेत, असे तो म्हणत असल्याचे सांगतात. १७९३ मध्ये आपल्याच रुग्णालयाच्या एका सभेत खडाजंगी होऊन तो कोसळला व मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या हृद्‌रोहिण्या हाडासारख्या कठीण झालेल्या आढळल्या. देवीची लस देणारा एडवर्ड जेन्नर हा त्याचा शिष्य. त्याला या रोहिण्यांचा संशय आधीच आला होता. १८०९ मध्ये ग्लासगोच्या ॲलन बर्न्सने सर्वांना पटेल असा दाखला दिला. हाताला किंवा पायाला बेताची घट्ट पट्टी बांधा आणि मग तो हात चालवून पाहा. स्वस्थ ठेवलेला हात तक्रार करीत नाही, पण काम करू लागला की लवकरच थकतो. अरुंद रोहिणीचे हृदय ते हेच, असे त्याचे म्हणणे. दोनशे वर्षांनंतरही याहून सोपे स्पष्टीकरण आम्हाला ठाऊक नाही.

आता त्या दोन-तीन मिनिटांकडे वळू. चढ लागला, मागणी वाढली, पुरवठा वाढेना. अशा वेळी हृदयात कोणत्या क्रमाने बिघाड होतो? सामान्य समजूत अशी की आधी दुखते आणि मग बिघडते. वस्तुस्थिती बहुधा उलट आहे. स्नायूला प्राणवायू तोकडा पडताच प्रथम त्याचे सैल पडणे बिघडते. सैल पडण्यालाही शक्ती लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताठरलेला डावा कप्पा नीट भरत नाही, त्यातला दाब वाढतो आणि तो दाब मागे फुप्फुसांवर पडून श्वास लागतो. त्यानंतर तेवढ्या भागाचे आकुंचन दुबळे होते. १९३५ साली टेनंट व विगर्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्याची हृद्‌रोहिणी बांधून पाहिली, तेव्हा मिनिटभराच्या आत तो भाग आकुंचन पावण्याऐवजी फुग्यासारखा बाहेर येऊ लागला. कार्डिओग्रॅमवरची रेषा बदलते ती यानंतर, आणि छातीतली कळ बहुधा सर्वांत शेवटी येते. कळ ही आग लागल्यानंतर वाजलेली घंटा आहे.

काहींच्या बाबतीत तर ही घंटा वाजतच नाही. विशेषतः मधुमेहाच्या जुन्या रोग्यांत आणि वृद्धांत छातीत न दुखता नुसती धाप लागते किंवा विलक्षण थकवा येतो. ज्याला दुखते तो, एका अर्थाने, भाग्यवानच म्हणावयाचा.

पंप म्हणून हृदयाची काय अवस्था होते, हेही मोजता येते. निरोगी डावा कप्पा आपल्यात भरलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर टाकतो आणि श्रमाच्या वेळी हे प्रमाण वाढते. रोहिण्या बऱ्याच अरुंद असलेल्या पुष्कळ रोग्यांत मात्र ते वाढत नाही, कित्येकदा घटते. ज्या क्षणी शरीराने अधिक मागितले, त्याच क्षणी हृदयाने हात आखडता घेतला! कसोटीच्या वेळी चालता चालता रक्तदाब चढण्याऐवजी उतरू लागला, तर डॉक्टर तत्काळ यंत्र थांबवितात ते याच कारणाने.

ती कसोटी कशी असते हे थोडक्यात सांगतो. पूर्वी रोग्याला दोन पायऱ्यांच्या ठोकळ्यावरून चढ-उतार करावयास लावीत. ही पद्धत आर्थर मास्टर याने १९२९ पासून रूढ केली. १९६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस याने सरकत्या पट्ट्यावरील चालण्याचे टप्पे ठरविले, ते आजही ट्रेडमिलवर वापरतात. पहिली तीन मिनिटे पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने सरकतो आणि त्याला दहा टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. या वेळी कार्डिओग्रॅम, नाडी व रक्तदाब यांवर सतत नजर असते. डॉक्टर येथे मुद्दाम चढ निर्माण करतात आणि आपल्या गृहस्थांनी दुकानापुढे उभे राहून जे लपविले, ते कागदावर उमटवून घेतात. ही कसोटी अचूकच असते असे नाही. ती कधी चुकीचा इशारा देते, कधी दोष चुकविते. म्हणून गरजेनुसार इतर तपासण्याही करतात.

आता सर्वांत उपयोगाचा हिशेब. नाडी आणि वरचा रक्तदाब यांचा गुणाकार केला तर हृदयाच्या खर्चाचा ढोबळ आकडा मिळतो. १९६७ मध्ये ब्रायन रॉबिन्सन याने असे दाखविले की, एकाच रोग्याला कळ येते ती प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच गुणाकाराला, मग श्रम कोणताही असो. उदाहरणादाखल समजा, आपल्या गृहस्थांची ही मर्यादा १६,००० आहे. बसले असताना नाडी ७०, दाब १२०, गुणाकार ८,४००. काही त्रास नाही. जिना चढताना नाडी ११०, दाब १५०, गुणाकार १६,५००. झाली कळ सुरू. पोटभर जेवणानंतर, थंड वाऱ्यात, रागाच्या भरात किंवा श्वास रोखून जड पेटी उचलताना हाच आकडा थोड्याशा श्रमाने गाठला जातो. हंटरच्या रागाचा आणि हेबर्डनने सांगितलेल्या जेवणाचा उलगडा या एका गुणाकारात होतो.

औषधांचे काम याच चोपडीत समजून घ्यावे. १८७९ मध्ये विल्यम मरेल याने नायट्रोग्लिसरिन या रोगावर वापरून दाखविले. डायनामाइट बनते ते याच द्रव्यापासून, आणि डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल याला उतारवयात हृदयासाठी डॉक्टरांनी हेच सुचवावे हा योगायोग! जिभेखालच्या त्या गोळीने शरीरातल्या शिरा सैल होतात, हृदयाकडे परत येणारे रक्त घटते आणि त्याचा भार हलका होतो. रक्तदाब उतरतो म्हणून ती बसूनच घ्यावयाची. पुढे जेम्स ब्लॅक याने १९६० च्या दशकात नाडीचा वेग आटोक्यात ठेवणारी औषधे शोधली. १९८८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुरवठा वाढत नसेल तर मागणी कमी करावी, हा त्याचा सरळ विचार. अरुंद वाट जाळीने रुंद करणे किंवा बायपास करून नवी वाट बांधणे हे जमेच्या बाजूचे उपाय होत. ते कोणाला आवश्यक, हे ज्याच्या त्याच्या रोहिण्या पाहून ठरते.

परंतु आणखी एक उपाय आहे आणि तो सांगण्यासाठीच आम्ही इतका प्रपंच केला. ज्या श्रमाने हृदयाचे दारिद्र्य उघडे पडते, तोच श्रम मोजून-मापून घेतला तर औषधाचे काम करतो. हेबर्डनने आपल्या ग्रंथात एका रोग्याची हकीकत नोंदविली आहे. तो रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापू लागला आणि जवळजवळ बरा झाला. दीडशे वर्षे या हकीकतीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. उलट, हृदयविकार म्हणजे अंथरूण, असाच प्रघात पडला आणि झटका आलेल्या रोग्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. १९५२ मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन व लाउन या डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकर खुर्चीत बसविण्याचे धैर्य केले. पुढच्याच वर्षी जेरेमी मॉरिस याने लंडनच्या बसगाड्यांवरील पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली बसचा जिना सतत चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हा रोग कमी व सौम्य आढळला. ड्रायव्हर मुळातच अधिक स्थूल असत, हे मॉरिसनेच पुढे त्यांच्या गणवेशांच्या मापांवरून दाखविले, तेव्हा सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. पण विचाराला दिशा मिळाली ती मिळालीच.

व्यायामाने घडते काय? अरुंद रोहिणी रुंद होते अशी आशा धरू नये, तिच्यात बदल झाला तर तो अल्पच. परंतु नियमित चालणाऱ्याचे पायांचे स्नायू रक्तातून प्राणवायू अधिक चांगला घेऊ लागतात, रोहिण्यांचे अस्तर अधिक सहज सैल पडते, आणि त्याच जिन्याला पूर्वी ११० होणारी नाडी आता ९५ वर राहते. दाब १४० धरा, गुणाकार १३,३००. मर्यादा १६,००० चीच आहे, पण जिना आता तिच्या आत आला! उत्पन्न तेच, खर्च कमी झाला आणि संसार चालू लागला. २००४ मध्ये जर्मनीतील लाइपझिगच्या डॉक्टरांनी स्थिर अँजायना असलेल्या १०१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना जाळी बसविली, निम्म्यांना रोज वीस मिनिटे सायकलयंत्र चालवावयास लावले. वर्षाअखेर हृदयाच्या गंभीर कटकटींवाचून राहिलेले व्यायामगटात ८८ टक्के, तर जाळीच्या गटात ७० टक्के होते. ही पाहणी लहान आणि रोगी निवडक होते, तेव्हा तिच्यावरून जाळीला नावे ठेवू नयेत. व्यायाम हा नुसता उपदेश नसून उपचार आहे, एवढे मात्र तिने सिद्ध केले.

येथे एक इशारा दिला नाही तर आम्ही दोषी ठरू. आतापर्यंत सांगितले ते ठराविक श्रमाने येणाऱ्या व थांबताच जाणाऱ्या कळेविषयी. हृदयविकाराचा झटका निराळा. त्यात रोहिणीतला मेदाचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट एकाएकी बंद होते. असा थर कित्येकदा फारसा मोठाही नसतो. म्हणून कळ विश्रांतीत आली, पूर्वीपेक्षा थोड्या श्रमाने येऊ लागली, घाम व मळमळ घेऊन आली, किंवा बसल्यावरही पाच मिनिटांत थांबली नाही, तर चालण्याचा विचार सोडून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सोडा-लिंबू घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्या वेळी मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो.

इतरांनी आधी कसोटी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या आत रोज चालावे. आरंभी दहा मिनिटे सावकाश, मग वेग. थांबतानाही एकदम थांबू नये. बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. जेवणानंतर लगेच निघू नये. तंबाखूची सवय असेल तर ती प्रथम सुटली पाहिजे, कारण ती जमा घटविते आणि खर्च वाढविते.

राहता राहिले ते दुकानापुढचे गृहस्थ. त्यांचे हृदय त्यांच्याशी स्पष्ट बोलत आहे. लाजतात ते गृहस्थ. पुढच्या खेपेस आपला एखादा स्नेही चढावर असा भांडी पाहात उभा राहिला, तर त्याच्याबरोबर आपणही थांबा आणि भांड्यांची चौकशी करण्याऐवजी त्याची करा. दुसऱ्या दिवशी त्याला तपासणीस घेऊन जा, आणि डॉक्टरांनी मुभा दिली की रोज संध्याकाळी त्याच्याच पावलाने त्याच्याबरोबर चाला.